दोघांत काय?

आमच्या बुद्धिबळ क्लबात एक पांढरा घोडा आहे, तो माणसाच्या दातांच्या रंगाचा आहे. नुसता रंग नाही, मालही तोच. बूड हिरड्यांसारखं गुलाबी. नवीन माणूस तो घोडा हातात घेतो, उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, हे काय आहे? मग आम्ही सगळे कवळीभाऊंकडे बोट दाखवतो. ते पटावरची नजर न काढता म्हणतात, "काळजी करू नका, कुणाच्या तोंडात गेलेला नाही."

कवळीभाऊंचा धंदा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन त्यांच्याकडे पाठवतात, आणि भाऊ त्यावरून दात बसवून परत पाठवतात. त्यांचं कामाचं ठिकाण म्हणजे मागच्या गल्लीतली एक खोली. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे जोडीजोडीनं मांडलेले, स्पिरिटचा छोटा दिवा, मेणाचा वास आणि सगळ्यावर बारीक पांढरी धूळ. त्या खोलीत पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की वीसेक माणसं आपल्याला हसताहेत. भाऊ स्वतः मात्र तिथे अगदी गंभीर असतात. धंद्यामुळे त्यांना एक खोड लागली आहे. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. मग कळलं की ते सगळ्यांकडेच तसे बघतात, आणि राग गेला.

क्लब माझ्या औषधांच्या दुकानाच्या वर आहे. संध्याकाळी जाऊबाई गल्ल्यावर येऊन बसल्या की मी जिना चढते. वर एकच लांब खोली, रस्त्याकडे खिडक्या, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेल्या खुर्च्या, कारण ज्याच्या घरी जी खुर्ची नकोशी झाली ती इथे आली. क्लब आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जुना आहे. आमचे अण्णा, जे घड्याळं दुरुस्त करतात आणि क्लबही चालवतात, त्यांचे वडील इथे खेळत. आता अण्णाच सगळ्यांच्या वडिलांसारखे दिसतात.

इतकी वर्षं हा क्लब टिकला तो एका रिवाजामुळे. आमच्याकडे भारी खेळाडू आणि कच्चा खेळाडू सारख्या सोंगट्यांनी खेळत नाहीत. पट मांडून झाला की जो भारी असेल तो आपली एक सोंगटी उचलतो आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवतो. फरक फार असेल तर वजीर, त्याहून कमी असेल तर हत्ती, मग घोडा, आणि अगदी थोडा असेल तर प्यादं. मग डाव सुरू. ती उचललेली सोंगटी घेणाऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी डाव संपेपर्यंत उभी राहते. त्यामुळे आमच्याकडे कुणीही कुणालाही हरवू शकतं. निवृत्त न्यायाधीश आणि शाळेच्या गणवेशातली पोरगी समोरासमोर बसतात आणि दोघांनाही सारखाच घाम फुटतो. कुठल्या जोडीत काय उचलायचं हे अण्णा ठरवतात, आणि अण्णांच्या शब्दावर कुणी हूं की चूं करत नाही. बाहेर माणसं भेटली की तब्येत विचारतात, आमच्याकडे विचारतात, "दोघांत काय?"

घेण्यात कमीपणा नाही, हे सगळ्यांना कळलं ते भाऊंमुळे. क्लबातले सगळ्यात कच्चे खेळाडू भाऊ. भारी मंडळी त्यांना वजीर देत, माझ्यासारखी मधली हत्ती देत, आणि भाऊ तळहात असा पुढे करत की देणाऱ्यालाच भाग्यवान वाटावं. तरीही ते बहुतेक हरत. कारण साधं होतं. समोरच्यानं चांगली खेळी केली की भाऊंना मनापासून आनंद होई, आणि त्या आनंदात स्वतःची खेळी सुचेनाशी होई. "वा, हे बघितलंच नव्हतं मी," ते म्हणत. खरं म्हणजे त्यांनी काहीच बघितलेलं नसे.

म्हणूनच क्लबात नवीन माणूस आला की त्याचा पहिला डाव भाऊंशी, बरोबरीचा, काही न उचलता. येणारा जिना चढताना घाबरलेला असतो. भाऊ त्याला खिडकीजवळ बसवत, त्याच्या तोंडाकडे बघत, चहा मागवत आणि खेळत. तो जिंकला तर भाऊ म्हणत, "उद्या या, मला उट्टं काढायचंय." हरला तर म्हणत, "उद्या या, तुम्हाला उट्टं काढायचं असेल." आज क्लबात जे बसतात त्यातले निम्मे त्या उद्यासाठी आलेले आणि मग राहिलेले आहेत. मीही त्यातलीच.

भाऊंच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. वहिनी इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होत्या. डॉक्टरनं हात पुढे करायच्या आत त्यात चिमटा द्यायचा की कात्री, हे त्या ओळखत. निवृत्त झाल्या आणि घरात त्यांना करमेना. भाऊ जेवायला उशीर करतात म्हणून एकदा त्यांना न्यायला वर आल्या आणि खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "बघते नुसतं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी लवकर आल्या. आठवड्याभरात भाऊंच्या कानाशी पुटपुटायला लागल्या, "अहो, तो उंट येतोय." अण्णांना पटाबाहेरून बोललेलं खपत नाही. त्यांनी सरळ खुर्ची ओढून दिली.

पहिला डाव रिवाजाप्रमाणे भाऊंशी, बरोबरीचा. वहिनी झटपट हरल्या. अण्णा डोळ्यावरची काच वर सरकवून म्हणाले, "दोघांत वजीर. भाऊंनी द्यायचा."

क्लबात येणारा प्रत्येक जण आधी कुठे ना कुठे थोडं खेळलेला असतो, त्यामुळे भाऊंना आजवर कुणाला काही द्यायची वेळच आली नव्हती. भाऊ उभे राहिले. त्यांनी आपला वजीर उचलला, सदऱ्याला पुसला आणि बायकोच्या तळहातावर ठेवला. "सांभाळ," म्हणाले. वहिनींना हसू आवरेना. भाऊ तो डाव जिंकले आणि जाताना माझ्या दुकानातून सगळ्या क्लबासाठी खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेले, कारण तेवढ्यात मिळणारं गोड तेवढंच होतं.

त्यानंतरचे महिने भाऊंचे राज्याभिषेकाचेच होते. "माझी शिष्या," असं ते वहिनींची ओळख करून देत, जणू आम्ही वहिनींना ओळखतच नव्हतो. वजिराचा हत्ती झाला, हत्तीचा घोडा झाला. दर वेळी भाऊंची छाती फुगे. शिष्या पुढे गेली म्हणजे गुरू चांगला, असा त्यांचा हिशेब. घोड्याचं प्यादं झालं, मग बरोबरी झाली. बरोबरीत वहिनी लागोपाठ जिंकायला लागल्या तेव्हा मात्र मी अण्णांकडे बघायचं टाळायला लागले. पुढे काय येणार हे सगळ्यांना दिसत होतं, एक भाऊ सोडून.

एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "दोघांत प्यादं. वहिनींनी द्यायचं."

वहिनींनी प्यादं उचललं. भाऊंचा हात टेबलाखालीच राहिला. "आज नको," ते म्हणाले, "एक खालची कवळी उद्या सकाळी द्यायची आहे." आणि टोपी विसरून निघून गेले.

मग खालच्या कवळीमागून वरची आली, वरचीमागून अख्खी बत्तिशी. गावातल्या सगळ्यांचे दात एकदम पडले असावेत असं वाटायला लागलं. आधी भाऊ वहिनी नसतील तेव्हा येत आणि इतरांकडून खुशाल वजीर घेत. मग तेही थांबलं. एकदा दुकानात दुखऱ्या बोटाला मलम घ्यायला आले तेव्हा मला राहवलं नाही.

"भाऊ, शाळेतल्या पोरीकडून वजीर घेता. बायकोकडून एक प्यादं घेताना हात का दुखतो?"

भाऊ मलमाचं झाकण उघडत-बंद करत राहिले. "त्या पोरीला मी कधी काही दिलं नव्हतं," ते म्हणाले. "हिला वजीर दिला होता. साऱ्या जन्मात एकीलाच दिला होता."

मी मलमाची पिशवी बांधून दिली. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही बरोबरच.

भाऊ नसल्याचा फटका क्लबाला बसला. एक बसचालक खेळायचं म्हणून वर आला. पहिला डाव कुणी द्यायचा म्हणून आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली, आणि आमच्यातली सगळ्यात भारी खेळाडू, बँकेत काम करणारी एक मुलगी, पुढे झाली. तिचा हेतू चांगला होता. पण तिला हळू खेळताच येत नाही. त्या माणसाचा चहा निवायच्या आत तिनं त्याला मात दिली आणि त्याचं कुठे चुकलं ते समजावूनही सांगितलं. त्यानं तिचे आभार मानले, खाली येऊन जाऊबाईंकडून डोकेदुखीची गोळी घेतली, आणि पुन्हा काही तो फिरकला नाही. "भाऊंना आणा," अण्णा म्हणाले. ते एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी त्यांच्या हातून एका घड्याळाची स्प्रिंग उडाली.

वहिनी इकडे वाढतच होत्या. त्या माझ्या बरोबरीला आल्या होत्या. एकदा डाव संपल्यावर सोंगट्या पेटीत भरता भरता म्हणाल्या, "मी आता यायचं बंद करते."

"का म्हणून?"

"घरात बोलणं नाही. जेवायला वाढलं की जेवतात, विचारलं की हो म्हणतात. मला नकोय असलं हो."

"आणि खेळ?"

वहिनी पेटीचं झाकण लावत राहिल्या. "सगळा जन्म दुसऱ्याच्या हातात हत्यारं ठेवली," म्हणाल्या. "कापायचं त्यानं, टाके घालायचे त्यानं. इथं पहिल्यांदा हात माझा आणि खेळीही माझी. मला फार आवडतं गं हे. पण नवऱ्यापेक्षा जास्त आवडतं, असं नाही ना म्हणता येत."

मी तावातावानं म्हणाले की असं काही करू नका, भाऊंना मी बघते. पण बघणार काय होते, कपाळ? दोघांपैकी एक जण क्लबातून जाणार, हे मला उघड दिसत होतं. आणि कोण जाणार हेही. असल्या वेळी बायकाच उठतात.

पण दोनच दिवसांनी दोघं बरोबर आली. पुढे वहिनी, मागे कोंबडी चोरल्यासारखे भाऊ. वहिनींनी अण्णांना सांगितलं, "एक डाव खेळतो आम्ही. बरोबरीचा. काही उचलायचं नाही."

अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दोघांत हत्ती आहे," ते म्हणाले.

"आजच्या दिवस," वहिनी म्हणाल्या. अण्णा तोंड फिरवून घड्याळात डोकं घालून बसले, म्हणजे हो म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी आपापले डाव अर्धवट टाकले आणि न बघितल्यासारखं करत त्यांच्या टेबलाभोवती जमलो. सुरुवातीला वहिनींचं चांगलं चाललं होतं. मग त्यांनी आपला वजीर उचलला आणि थेट भाऊंच्या उंटाच्या वाटेत नेऊन ठेवला. मला वाटलं, काहीतरी जबरदस्त योजना असणार. भाऊंनी बराच वेळ बघितलं आणि वजीर मारला. योजना काही नव्हती. थोड्याच वेळात वहिनींचा राजा अडकला.

"हरले मी," वहिनी म्हणाल्या आणि छान हसल्या. "चांगलं खेळलात हो."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर जरा जास्तच जोरात. चला, सुटलं, असं मनात आलं. बँकेतली मुलगी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती, पण तिला जनरीत कळत नाही, असं आम्ही समजून चालतो.

भाऊही हसले नाहीत. ते वहिनींच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी सोंगट्या मागे नेत नेत तो वजिराचा क्षण पुन्हा पटावर मांडला.

"हा इथं का ठेवलास?"

"उंट दिसला नाही मला."

"तुला दिसला नाही?"

"नाही दिसला. होतं असं."

"अगं, पत्त्यांत हरलीस तर तू दोन दिवस भाजीत मीठ घालत नाहीस," भाऊ म्हणाले. "आणि आज हसतेस? या खोलीत हरणं काय असतं ते मला विचार. मी दुसरं केलंय काय इतकी वर्षं? हरल्यावर माणूस असा नाही हसत."

भाऊंनी आमच्याकडे वळून विचारलं, "मी कधी मुद्दाम हरलोय का? सांगा ना."

"छे," अण्णा घड्याळातून डोकं न काढता म्हणाले, "तेवढं कौशल्य तुमच्यात नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊंना मात्र या क्षणी तो केवढा तरी गौरव वाटला असावा. त्यांनी मान डोलावली आणि ते पुन्हा वहिनींकडे वळले. "सगळ्यांकडून घेतलं मी. कधी लाज वाटली नाही. तुझ्याकडून घ्यायची वेळ आली तेव्हा वाटली, चूक माझी आहे. पण त्याची तू मला ही शिक्षा देऊ नकोस. तू मुद्दाम हरलीस तर माझ्याजवळ काय उरलं? मग मी आजवर जे चार डाव जिंकलो त्यांचाही भरवसा गेला."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही घरात बोलत नव्हता," त्या म्हणाल्या.

"आता बोलतोय ना?" भाऊ म्हणाले आणि पट नव्यानं मांडायला लागले. मांडून झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "अण्णा, दोघांत काय?"

"हत्ती," अण्णा म्हणाले. कुणी द्यायचा हे त्यांनी सांगितलं नाही.

भाऊंनी तळहात पुढे केला. वहिनींनी हत्ती उचलला, पण ठेवायला हात धजेना.

"दे गं," भाऊ म्हणाले. "आणि नीट खेळ."

मग वहिनी जे खेळल्या, तसं मी त्यांना पूर्वी खेळताना पाहिलं नव्हतं. एक हत्ती कमी असताना त्या भाऊंच्या राजामागे हात धुऊन लागल्या. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. दोनदा तर मला वाटलं, संपलं. पण त्या दिवशी भाऊ एकदाही "वा" म्हणाले नाहीत. दाताचा एक कंगोरा घासावा, जबड्यावर बसतोय का बघावं, पुन्हा घासावा, तसे ते एकेक घर तपासून खेळत होते. वहिनींना मात देण्याची घाई झाली. त्या घाईत त्यांनी एक घोडा फार पुढे नेला आणि तो अडकला. भाऊंनी तो घेतला, मग सोंगटीला सोंगटी मारत पट मोकळा केला, आणि शेवटी त्यांचं एक प्यादं कुणाची हरकत नसल्यासारखं चालत चालत पलीकडच्या टोकाला जाऊन वजीर झालं.

वहिनी पटाकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग त्यांनी पिशवी उचलली, खुर्ची धाडकन मागे सारली आणि कुणाशी काही न बोलता निघाल्या. जिन्यावर त्यांची पावलं अशी वाजली की खाली माझ्या कपाटातल्या बाटल्या हलल्या असणार.

टाळ्या वाजवायचं कुणालाच सुचलं नाही. जाऊबाईंना सोडवायची वेळ झाली होती म्हणून मी खाली आले. वहिनी दुकानासमोर फुटपाथवर पाठ करून उभ्या होत्या. जरा वेळानं भाऊ उतरले, थेट त्यांच्याजवळ गेले, काहीतरी बोलले आणि तसेच माझ्या काउंटरपाशी आले. चेहरा नुसता फुललेला.

"घोड्याचं विचारलं," ते हळूच म्हणाले, "तर म्हणाली, गप्प बसा."

"मग बसा ना गप्प," मी म्हणाले.

"बसतो की."

तेवढ्यात वहिनी वळल्या. राग अजून नाकाच्या शेंड्यावर होता. "उद्या मी अण्णांना सांगणार आहे," त्या तिथूनच म्हणाल्या. "यांना हत्ती फार होतो. घोडा पुरे."

भाऊंना आम्ही वजीर दिले, हत्ती दिले, चहा दिला, प्रेमही दिलं. पण आपण देतो ते या माणसाला जास्त होतंय, असं आमच्यापैकी एकानंही अण्णांना कधी सांगितलं नव्हतं. भाऊ काउंटर धरून उभे राहिले.

"ऐकलंत?" त्यांनी मला विचारलं.

"ऐकलं," मी म्हणाले.

"येताय की नाही?" वहिनी म्हणाल्या, आणि भाऊ गेले.